हरणारा संघ आणि पंधरा सराव

(संस्थेच्या वार्षिक क्रीडा पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



क्रीडा पारितोषिकांच्या समारंभात शिक्षकाने काय बोलावे हे बहुधा ठरलेलेच असते. खेळाने शरीर सुदृढ होते, सांघिक वृत्ती वाढते, हार-जीत महत्त्वाची नसते, इत्यादी. हे सारे खरे आहे. परंतु दरवर्षी ऐकून ऐकून आपल्या सर्वांचे ते पाठ झाले आहे. म्हणून आज मी एका हरणाऱ्या संघाची हकीकत सांगणार आहे.

या विषयाकडे मी का वळलो तेही सांगतो. तालुका स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद होऊन आमची मुले एस.टी.ने परत येत होती. माझ्या शेजारी नववीतला एक मुलगा बसला होता. मी त्याची समजूत घालू लागलो तेव्हा तो हसत म्हणाला, "सर, आपली शाळा हरतेच. त्यात नवीन काय?" तो रडला असता तर मला बरे वाटले असते. चिडला असता तर अधिकच बरे वाटले असते. परंतु तो हसला, आणि ते हसणे माझ्या मनातून जाईना. कारण तेच वाक्य मी पालक सभेतही ऐकले आहे. "आपल्या मुलांना कुठे जमायचे, सर! नशिबात असेल ते होईल." बाप म्हणतो ते मुलगा शिकतो, आणि मग हार ही घटना न राहता ओळख बनते.

आता हकीकतीकडे वळतो. ही गोष्ट अमेरिकेतील आहे. तेथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लंबगोल असतो, तो हातात घेऊन पळतात, फेकतात, झेलतात. डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यावर जाड गाद्या बांधून प्रत्येक बाजूचे अकरा गडी एकमेकांवर धडकतात. मैदान शंभर यार्डांचे. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्न मिळतात. त्यांत दहा यार्ड पुढे सरकले की पुन्हा चार प्रयत्न. सरकता आले नाही तर चेंडू दुसऱ्याचा. प्रत्येक प्रयत्नापूर्वी खेळ थांबतो, डाव सांगितला जातो, आणि अकराही जणांना आपापली जागा व आपापले काम माहीत असावे लागते. एकाने चूक केली की दहा जणांची मेहनत वाया जाते. कबड्डी खेळणाऱ्या आपल्या मुलांना हे चटकन समजेल.

त्या देशात महाविद्यालयांच्या या सामन्यांना आपल्याकडील क्रिकेटसारखी गर्दी असते. इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन या गावी इंडियाना विद्यापीठ आहे. तेथील बास्केटबॉलचे नाव मोठे. पाच वेळा त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आहे. फुटबॉलचा संघ मात्र हरण्यासाठीच प्रसिद्ध होता. सन 2023 चा हंगाम संपला तेव्हा वरच्या श्रेणीतील सर्व विद्यापीठांत इतिहासातील सर्वाधिक पराभव याच संघाच्या नावावर होते, सातशेहून अधिक! शंभरावर वर्षांच्या त्यांच्या इतिहासात एका हंगामात नऊपेक्षा जास्त विजय त्यांना कधीही मिळाले नव्हते. हंगामाच्या शेवटी चांगल्या संघांना जे मानाचे सामने मिळतात, त्यांपैकी एखादा त्यांनी जिंकल्याला 1991 पासून बत्तीस वर्षे लोटली होती. 2021, 2022 आणि 2023 या तीन वर्षांत मिळून विजय नऊ आणि पराभव सत्तावीस. त्या गावातही कोणी म्हणत असेल, "आपला संघ हरतोच. त्यात नवीन काय?"

नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस विद्यापीठाने कर्ट सिग्नेटी यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. त्यांचे वय तेव्हा 62 वर्षांचे होते. आपल्याकडे या वयाला शिक्षक निवृत्त होऊन घरी बसलेला असतो. त्यांचे वडीलही फुटबॉलचे प्रशिक्षकच होते. 2007 ते 2010 अशी चार वर्षे सिग्नेटींनी अलाबामा या बलाढ्य विद्यापीठात निक सेबन या नामवंत प्रशिक्षकांच्या हाताखाली सहायक म्हणून काम केले. तेथेच राहिले असते तर पगार आणि प्रतिष्ठा दोन्ही होती. परंतु 2011 मध्ये वरची श्रेणी सोडून ते खालच्या श्रेणीतील एका लहान महाविद्यालयाचे मुख्य प्रशिक्षक झाले. ते पेनसिल्व्हेनिया राज्यातील इंडियाना नावाच्या गावी आहे. नाव सारखे असले तरी संस्था वेगळी. तेथे त्यांच्या वडिलांनीही पूर्वी हेच काम केले होते. पुढे ते ईलॉन विद्यापीठात गेले. आदल्या वर्षी दोनच सामने जिंकलेल्या त्या संघाने त्यांच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे 2017 मध्ये, आठ जिंकले. नंतर जेम्स मॅडिसन विद्यापीठात पाच वर्षे. या सर्व वर्षांत एकही हंगाम असा गेला नाही की ज्यात त्यांचे पराभव विजयांपेक्षा जास्त भरले. वयाच्या पन्नाशीत खालच्या पायरीवर उतरून पुन्हा वर चढणे ही साधी गोष्ट नव्हे. ज्यांना 'मोठ्या शाळेत नोकरी नाही म्हणून काही करता येत नाही' असे वाटते, त्या माझ्यासारख्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आणखी एक गोष्ट. ते एकटे आले नाहीत. बचावाचे प्रशिक्षक ब्रायंट हेन्स आणि चढाईचे प्रशिक्षक माइक शॅनहन हे दोघेही त्या लहान महाविद्यालयापासून त्यांच्याबरोबर काम करीत होते, तेही आले. व्यायाम घेणारे प्रशिक्षकही जेम्स मॅडिसनहूनच आले. तथापि जुन्या मंडळींपैकी सर्वांनाच घरी पाठविले असेही नाही. पुढच्या फळीतील गड्यांना शिकविणारे बॉब बोस्टॅड हे आधीच्या प्रशिक्षकांच्या वेळचे होते. त्यांना तसेच ठेवले. नवा माणूस आला की जुने सारे टाकाऊ, असे त्यांनी मानले नाही.

आता मुख्य मुद्दा. तेथे सामन्यांचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालतो. मग मार्च-एप्रिलमध्ये, वसंत ऋतूत, काय करतात? सराव. नियमाने फक्त पंधरा सराव घेता येतात, तेही साधारण महिनाभराच्या अवधीत. पहिल्या दिवसांत अंगावर पूर्ण साज चढवू देत नाहीत. एकमेकांना पाडण्याच्या सरावांनाही मर्यादा असते. या पंधरा दिवसांत समोर दुसरा संघ नाही, गुणफलक नाही, चषक नाही. शेवटी आपल्याच गड्यांचे दोन भाग करून एक सामना खेळतात आणि सारे आपल्या अभ्यासाला लागतात. पुढचा खरा सामना चार महिन्यांनी!

नवा प्रशिक्षक आला की हे पंधरा दिवस फार मोलाचे ठरतात. कारण त्याच्याबरोबर सारी भाषाच बदलते. प्रत्येक डावाला नवे नाव, नवी खूण. चार वर्षे खेळलेला गडी आणि काल आलेला गडी दोघेही पहिलीच्या वर्गात बसतात. जुने प्रगतिपुस्तक मिटलेले असते. कोण पहिल्या अकरांत खेळणार हे नव्याने ठरते. गडी आपापल्या कामाप्रमाणे गटागटांत वाटले जातात. प्रत्येक गटाला स्वतंत्र शिक्षक. पाऊल कोणते आधी, हात कोठे, नजर कोठे, हे एकेक करून शिकवितात. सरावाचे चित्रण होते, आणि मैदानातून आल्यावर ते पुन्हा पाहावे लागते. आपण कोठे चुकलो हे आपल्याच डोळ्यांनी पाहण्यासारखी दुसरी शिकवणी नाही.

2024 च्या वसंतात ब्लूमिंग्टनला हेच घडले. जुने अनेक खेळाडू संघ सोडून गेले होते आणि दोन डझनांहून अधिक नवे आले होते. त्यांपैकी तेरा जण जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आपल्या गुरूच्या मागोमाग आले होते. त्यांना ही नवी भाषा आधीच येत होती. त्यामुळे वर्गातील जाणत्या मुलाने शेजाऱ्याला उदाहरण समजावून द्यावे तसे ते उपयोगी पडले. सिग्नेटींचे सराव लांबत नाहीत अशी त्यांची ख्याती आहे. वेळ थोडा, परंतु त्यात उभे राहून वेळ घालविणे नाही. पहिला प्रयत्न आणि शेवटचा प्रयत्न सारख्याच नेटाने करावयाचा. आघाडीवर असताना ढिले पडावयाचे नाही आणि पिछाडीवर असताना खचावयाचे नाही. मुलाच्या अंगी 'काय होण्यासारखे आहे' यापेक्षा त्याने 'काय करून दाखविले आहे' हे ते पाहतात. आणि आपणच आपल्याभोवती कुंपण घालू नये, हे ते पुन:पुन्हा सांगतात.

मित्रांनो, हे शेवटचे वाक्य बोलावयाला सोपे आहे. परंतु हरण्याची सवय भाषणाने जात नाही. एका सवयीची जागा दुसरी सवयच घेते. वसंतातील पंधरा दिवस म्हणजे ही दुसरी सवय लावण्याची जागा. सामन्याच्या दिवशी गडी नवीन काही करीत नाही. सरावात जे अंगवळणी पडले तेच त्याच्या हातून होते. आपल्या परीक्षेचेही तसेच आहे. मार्चमधील पेपर मार्चमध्ये लिहिला जात नाही. तो मागच्या जूनपासून रोज थोडा थोडा लिहिलेला असतो.

परिणाम काय झाला? 2023 मध्ये बारापैकी तीन सामने जिंकणाऱ्या संघाने 2024 मध्ये पहिले दहाच्या दहा जिंकले. हंगाम अखेर विजय अकरा, पराभव दोन. ओहायो स्टेट आणि नोत्र दाम या दोन संघांनीच त्यांना हरविले. पुढच्या वर्षी, 2025 च्या हंगामात, त्यांनी एकही सामना गमावला नाही. आपल्या विभागाचे अजिंक्यपद त्यांना 1967 नंतर प्रथमच मिळाले. 1 जानेवारी 2026 रोजी त्यांनी, सिग्नेटी जेथे एकेकाळी सहायक होते त्या अलाबामालाच, 38-3 असे नमविले. आणि 19 जानेवारी 2026 रोजी मायामीच्या संघाला 27-21 असे हरवून ते राष्ट्रीय अजिंक्य झाले. सोळापैकी सोळा विजय! वरच्या श्रेणीत असे यापूर्वी 1894 साली येल विद्यापीठाने केले होते.

येथे एखादा जाणता पालक विचारील, आणि विचारावेच, "सर, त्यांनी मुलेच बदलली की! चांगली मुले बाहेरून आणली, मग जिंकले. यात शिकविण्याचे कौतुक काय?" प्रश्न रास्त आहे. अजिंक्य संघाचा डाव चालविणारा फर्नांडो मेंडोझा हा 2025 मध्येच कॅलिफोर्नियाहून आला होता. तेथे खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याची मोकळीक आहे, आता पैसेही मिळतात, आणि विद्यापीठानेही हात आखडता घेतला नाही. हे लपवून मी तुम्हांला केवळ गोड कथा सांगितली तर ती फसवणूक होईल. आम्हां शिक्षकांना तर ही सोय नाही, आणि नसावीच. नापास होईल अशा मुलाला परीक्षेचा फॉर्मच भरू न देणे, किंवा दाखला हातात ठेवून दुसरी शाळा बघ म्हणून सांगणे, याने शाळेचा निकाल वाढतो. परंतु ती शाळा त्या मुलाची राहत नाही. आपली संस्था ज्यांना कोणी घेत नव्हते त्यांच्यासाठीच निघाली, हे विसरून चालणार नाही.

परंतु त्या पालकांना मी उरलेली अर्धी गोष्टही सांगेन. अंतिम सामन्यात शेवटची 44 सेकंद उरली होती. मायामीचा संघ सहा गुणांनी मागे होता आणि चेंडू त्यांच्याकडे होता. एक यशस्वी चढाई झाली असती तर सामना हातचा गेला असता. त्यांनी चेंडू लांब फेकला आणि तो मध्येच झेलला जमारी शार्प या गड्याने. तेथेच सामना संपला. हा शार्प कोण? तो 2022 पासून याच विद्यापीठात होता. नऊ सामने हरलेल्या 2023 च्या संघात तो होता. 2025 च्याच हंगामात पेन स्टेटविरुद्ध अवघी 36 सेकंद राहिली असताना मैदानाच्या अगदी कडेवर पायाचे टोक आत टेकवून विजयी झेल घेणारा ओमर कूपर, तोही जुनाच. पुढच्या फळीत डावी बाजू सांभाळणारा कार्टर स्मिथ, तोही जुनाच. ही मुले बदललेली नव्हती. तीच मुले, तीच हाडे, तेच मैदान. 2023 मध्ये लोक ज्यांना हरणारी म्हणत होते, तीच दोन वर्षांनी अजिंक्य ठरली. मग 2023 मध्ये त्यांच्या अंगी काय नव्हते? माझ्या मते त्यांच्या अंगी सारे होते. त्यांच्याकडून रोज काय अपेक्षित आहे हे त्यांना स्पष्टपणे सांगितले गेले आणि रोज तपासले गेले, एवढाच फरक. माझे आजचे सारे भाषण या तीन मुलांसाठी आहे.

आता शिस्तीविषयी दोन शब्द. आपल्याकडे मुलाला मदरशात किंवा शाळेत घालताना बुजुर्ग म्हणत, "चमडी तुमची, हड्डी आमची." त्यामागे गुरूवरचा विश्वास होता, हे मी जाणतो. परंतु शिस्त आणि छळ या दोन गोष्टी निराळ्या आहेत. त्याच अमेरिकेत, मे 2018 मध्ये, मेरीलँड विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील एका तरुण खेळाडूला धावण्याच्या कडक सरावात उष्माघात झाला. त्याच्यावर वेळेवर योग्य उपचार झाले नाहीत आणि जूनमध्ये तो मरण पावला. विद्यापीठाच्या अध्यक्षांना त्याची जबाबदारी जाहीरपणे स्वीकारावी लागली. मुलाला पिळून काढल्याने तो पोलाद बनतो, ही समजूत एका घराचा दिवा विझवून गेली. सरावाला मर्यादा घालणारे नियम असतात ते याचसाठी. पंधरा दिवस पुरतात. ते नीट वापरले पाहिजेत. जो शिक्षक छडीशिवाय वर्ग सांभाळू शकत नाही त्याने मुलांची नव्हे, आपली तयारी तपासावी. हे मी प्रथम मलाच सांगतो.

सिग्नेटींची एक गोष्ट मात्र मी घेणार नाही. नेमणूक झाल्यावर त्यांनी प्रतिस्पर्धी विद्यापीठांविषयी भर सभेत हलके शब्द काढले. नव्या मुलांना तुमच्या कामाविषयी काय सांगता, असे विचारले तेव्हा, मी जिंकतो, माझे नाव शोधून पाहा, असे उत्तर दिले. तेथे लोकांना ते आवडले असेल. ज्या गावाने मान खाली घालून चालण्याची सवय लावून घेतली होती त्याला कदाचित अशा धक्क्याची गरजही असेल. परंतु आपल्या तहजीबीत माणूस आपली तारीफ दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो आणि अल्लाहचे आभार मानतो. तेव्हा मुलांनो, त्यांचे बोलणे त्यांच्याकडे राहू द्या. त्यांचा सराव तेवढा घ्या.

पालकहो, आपणांस माझी विनंती थोडकीच आहे. मुलाच्या देखत "आपल्याला कुठे जमायचे" हे वाक्य बोलू नका. नशीब आहे, तकदीर आहे, त्यावर आपला ईमान आहे. परंतु तकदीरीत काय लिहिले आहे हे मेहनत करण्यापूर्वी कोणालाच वाचता येत नाही. मुलगा किंवा मुलगी एखाद्या चाचणीत नापास झाली तर लगेच शाळेतून काढून दुकानावर बसविण्याची किंवा घरकामाला लावण्याची घाई करू नका. आणि शाळेत या. निकालाच्या दिवशी तर याच. परंतु मधल्या दिवसांतही या, जेव्हा काहीच मोठे घडत नसते. मुलगा घडत असतो तो त्याच दिवसांत.

शिक्षक बंधूंनो, दर जूनमध्ये आपल्या वर्गात नवी मुले येतात, आणि कोणीतरी आपल्या कानात सांगतो, "हा ढ आहे, तो वाया गेलेला आहे." ते ऐकून घ्या, पण वहीत लिहू नका. पहिले पंधरा दिवस साऱ्यांची पाटी कोरी धरा. एवढे आपल्या हातात आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

आणि एस.टी.त माझ्या शेजारी बसलेल्या त्या मुलाला, जो आत्ता समोर कोठेतरी बसला आहे आणि ज्याचे नाव मी घेणार नाही, त्याला सांगतो: बाळ, आपली शाळा हरते हे खरे आहे. ते हिशेबाच्या वहीत लिहिलेले आहे आणि मी ते पुसू शकत नाही. परंतु ते झालेल्या सामन्यांविषयी आहे. होणाऱ्या सामन्यांविषयी त्या वहीत एक अक्षरही नाही. पुढची स्पर्धा यायला वेळ आहे. मैदानात आता कोणी पाहावयास नाही, टाळ्या नाहीत, बक्षीस नाही. हीच सरावाची वेळ. उद्या सकाळी फजरच्या नमाजानंतर मी मैदानावर येतो आहे. तूही ये. आणि ज्यांना आज बक्षीस मिळाले नाही त्या सर्वांना घेऊन ये.